जिंतूर ते रिसोड : एका तांब्याचा प्रवास

परभणीहून जिंतूरकडे निघाले की काळ्या कसदार रानाचा सपाट पसारा बराच वेळ संपत नाही. कापूस, तूर, सोयाबीन आणि पुन्हा कापूस. जिंतूर जवळ येऊ लागते तसतशी जमीन उंचसखल होते, दगड वर येतो आणि गावाच्या पलीकडे नेमगिरी व चंद्रगिरी ही टेकड्यांची जोडी दिसू लागते. नेमगिरीच्या पोटातील लेण्यांत भगवान नेमिनाथांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती आहे आणि लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. गाभाऱ्यांच्या वाटा इतक्या ठेंगण्या की भल्याभल्यांना वाकल्यावाचून आत जाता येत नाही. मूर्तीची भव्यता ध्यानात येते ती आत जाऊन ताठ उभे राहिल्यावरच.

या नेमगिरीच्या दर्शनाला महिन्याच्या दर चतुर्दशीस न चुकता जाणाऱ्या जिंतूरच्या एका माउलीचे २०१९ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, शांतपणे देहावसान झाले. तिच्या माघारी घरात दोन वस्तू राहिल्या. एक फिरकीचा पितळी तांब्या आणि एक छायाचित्र.

फिरकीचा तांब्या आता नव्या पिढीने फारसा पाहिलेला नसतो. झाकणाला आटे असलेला, फिरवून घट्ट बसणारा, वर धरायला कडी असलेला हा तांब्या पूर्वी प्रवासाला निघालेल्या प्रत्येक घरात असे. जैन घरात त्याच्या जोडीला गाळणे असे. दुहेरी घडीचे जाड सुती कापड तांब्याच्या गळ्याला गुंडाळलेले, म्हणजे जिथे विहीर लागेल तिथे पाणी शेंदून, गाळून, जिवाणी परत त्याच पाण्यात सोडून मगच तांब्या भरायचा. आईचा तांब्या कुंथलगिरीला गेला, शिखरजीच्या सत्तावीस किलोमीटरच्या वंदनेत गेला, गिरनारच्या पायऱ्या चढला. प्रत्येक यात्रेहून परतल्यावर तो चिंचेने लख्ख घासून देवघराशेजारच्या कोनाड्यात उपडा ठेवला जाई.

तांब्याच्या पोटावर नाव घातलेले होते. भांड्यावर नाव घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, तेव्हा त्यात नवल काही नव्हते. नवल होते ते एवढेच की, नाव या घरातील कोणाचे नव्हते. एका परक्या बाईचे नाव आणि त्यापुढे गाव : रिसोड. मुलांनी लहानपणी विचारले तेव्हा आईने हसून सोडून दिले होते. मग मुलांनीच ठरवून टाकले की, कुठल्याशा धर्मशाळेत तांब्यांची अदलाबदल झाली असावी. शिखरजीच्या गर्दीत असे होतेच. घरात हे उत्तर इतके रुळले की पुढे कोणी प्रश्नही केला नाही.

छायाचित्राची गोष्ट याहून चमत्कारिक. आईच्या तेराव्या दिवशी दिवाणखान्यात लावण्यासाठी तिचे मोठे छायाचित्र हवे होते. धाकट्या मुलाने कपाटातून श्रवणबेळगोळचे जुने चित्र काढून फोटोवाल्याकडे दिले. १९६७ सालचे, काळे-पांढरे, तळहाताएवढे. त्याने आईचा चेहरा मोठा केला, शेजारचे काढून टाकले, पार्श्वभूमी आकाशी रंगवली आणि चौकट करून दिली. चित्र छान आले. मात्र उजव्या कडेला, आईच्या हातातील तांब्यावर, कुणाची तरी चार बोटे तशीच राहून गेली. हार घालताना ती बोटे झाकली जात. पहिल्या वर्षश्राद्धाला... खरे म्हणजे या घरात श्राद्ध करीत नाहीत, त्या दिवशी मंदिरात शांतिविधान असते... तर त्या दिवशी हार जरा वर लागला आणि थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईंची, नजर त्या बोटांवर गेली.

“भाऊ, हे हात कुणाचे रे?”

मूळ चित्र शोधण्यात आले. ते आईच्या लोखंडी ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत सापडले. मागे वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने स्थळ आणि साल लिहिलेले होते. चित्रात दोन बायका उभ्या होत्या. एक आई, अडतीस वर्षांची. दुसरी तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, ठसठशीत कुंकवाची, उंच. मधोमध तांब्या, आणि त्यावर दोघींचे हात. चित्र काढणाऱ्याने धरायला सांगितले म्हणून धरल्यासारखे ते वाटत नव्हते. ओढाताण चालली असताना टिपल्यासारखे होते आणि दोघीही हसत होत्या.

त्याच ट्रंकेत कार्डांचा एक गठ्ठा होता. क्षमावाणीची कार्डे. दशलक्षण पर्व संपल्यावर, वर्षभरात कळत-नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा मागणारी कार्डे सग्यासोयऱ्यांना पाठविण्याची आपली प्रथा आहे. आता ती मोबाईलवर एका बोटाने पार पडते, तेव्हा पंधरा पैशांच्या कार्डावर पार पडत असे. गठ्ठ्यातील सगळी कार्डे रिसोडहून आलेली होती. पहिले १९४९ चे. शेवटचे १९९३ चे. मजकूर दरवर्षी जवळजवळ तोच. मात्र शेवटी एक ओळ वेगळी असे : पोर कशी आहे?

ही पोर कोण, याचे उत्तर ठाऊक असलेली एकच व्यक्ती हयात होती. आईची धाकटी बहीण, सेलूला नातवांकडे राहणारी मावशी. तिने छायाचित्र डोळ्यांजवळ नेले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “अक्का आहेत ह्या. रिसोडच्या अक्का. तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं नाही म्हणता?”

यापुढे मावशीने जे सांगितले ते समजण्यासाठी १९४८ सालचा मुलूख डोळ्यांसमोर आणावा लागतो. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्याहून मोठा होता. आजचा हिंगोली जिल्हा त्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, लोकभाषेत मोगलाईत. सेनगावच्या पुढे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे मध्यप्रांताचा भाग, म्हणजे नुकताच स्वतंत्र झालेला भारत. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये, दोन नाणी. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. अलीकडे करोडगिरीचा नाका. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे तिरंगा चढला आणि अलीकडे तो चढविणाऱ्याला तुरुंग मिळाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम चालू होता आणि कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत होता. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत मराठवाड्यातील गावोगावची कुटुंबे बायकामुलांना घेऊन सरहद्दीपलीकडे जाऊ लागली होती. वाशीम, रिसोड, लोणार, मेहकर अशा गावांनी त्यांना ठाव दिला. या स्थलांतरावर मराठवाड्याच्या इतिहासात लिहिले गेले आहे, पण घराघरांत ते फारसे बोलले गेले नाही. संकटात घर सोडणे ही आपल्याकडे अभिमानाने सांगण्याची गोष्ट समजली जात नाही, आणि ही समजूत काही फार शहाणपणाची नव्हे.

आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. सोबतीला पाठची बहीण, अकरा वर्षांची, जी बाळंतपणापासून मदतीला येऊन राहिली होती. हीच ती मावशी. वडील दुकानासाठी मागे थांबले. वैशाखाच्या एका रात्री बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर वाकळ टाकून, शेजारच्या दोन कुटुंबांसमवेत या बायका निघाल्या. पूर्णेला पाणी पोटरीएवढेच होते. दिवसा झाडीत थांबायचे, रात्री चालायचे. तिसऱ्या पहाटे पैनगंगा ओलांडली.

“तुमची आई नदीत उतरली नाही,” मावशी म्हणाली. “गाडीतच बसून राहिली. पोर तापली होती.”

रिसोडला मंदिराजवळच्या एका घराने त्यांना ओसरी दिली. घरची कर्ती बाई म्हणजे अक्का. नाते नाही, ओळख नाही. मंदिरापुढे उतरलेल्या गाड्या पाहून बाहेर आल्या आणि तापलेले मूल पाहून आत घेऊन गेल्या, एवढेच. मुलीला दूध सोसेना, अंगात पाणी ठरेना. वैद्यांनी गाळून, उकळून निवविलेले पाणी चमच्या-चमच्याने द्यायला सांगितले. अक्कांनी स्वतःचा फिरकीचा तांब्या त्यासाठी वेगळा काढला; त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, ही ताकीद साऱ्या घराला. अकरा रात्री दोघी आळीपाळीने जागल्या. मावशीला आठवत होते ते झाकण फिरल्याचा आवाज. रात्री जाग आली की तो कानी पडे आणि पोर अजून आहे हे कळे.

मुलगी वाचली. पावसाळा रिसोडलाच गेला. दशलक्षण पर्व आले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरल्याची वार्ता ओसरीवर पोहोचली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आईचा निर्जळ उपवास होता. सायंकाळी उशिरा रिसोडच्या पेठेत बातमी आली तेव्हा लोक गुलाल उधळीत होते, आणि अक्का आईला म्हणाल्या की, पारणे उद्या सकाळी इथेच करायचे, मग जिंतूरचे नाव काढायचे. पुढे दिवाळी उलटल्यावर वडील गाडी घेऊन आले. निघताना अक्कांनी तांब्या भरून गाडीत ठेवला. वाटेत मुलीला पाणी लागेल. पोहोचलात की सवडीने पाठवा.

तो सवडीने पाठवायचा राहिला. पहिली दोन-तीन वर्षे घर आणि दुकान सावरण्यात गेली. नंतर रिसोडकडे जाणारा कुणी भरवशाचा भेटेना. शिवाय भांडे रिकामे परत करायचे नसते. त्यात काही घालून द्यायचे, तर या तांब्यात काय घालून द्यायचे हे आईला सुचत नव्हते. क्षमावाणीचे कार्ड मात्र दर वर्षी जाई. त्यात ती तांब्याबद्दल क्षमा मागे, असे मावशीचे म्हणणे.

१९६७ च्या ३० मार्चला श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होणार होता. जिंतूर-परभणीकडून बरीच मंडळी निघाली. अक्काही येणार असल्याचे त्यांच्या कार्डावरून कळले तेव्हा आईने तांब्या सोबत घेतला, तो परत करण्यासाठी. जिंतूरला रेल्वे नाही. आधी परभणी, मग मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, सिकंदराबाद असे गाड्या बदलत दक्षिणेकडे. विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढायच्या. वर सत्तावन्न फूट उंचीची एकाश्म मूर्ती, तिच्या मागे लाकडी मचाण, एक हजार आठ कलश. परत आल्यावर या प्रवासातील एक गोष्ट आई पुनःपुन्हा सांगत असे. मूर्तीच्या पायांपाशी, कानडी मुलुखात, मराठीतले अक्षर आहे. चामुंडरायाने ही मूर्ती करविली असे सांगणारा तो कोरीव लेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहे. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. एवढ्या दूर येऊन आपली भाषा देवाच्या पायाशी भेटली, याचे तिला अप्रूप वाटे. तिने प्रवासाचे जे सांगितले ते हे. अक्का भेटल्याचे सांगितले नाही.

भेट झाली ती डोंगराच्या पायथ्याशी. मावशी तिथेही होती. आईने तांब्या पुढे केला. त्यात तिने अभिषेकाचे गंधोदक भरून आणले होते. एकोणीस वर्षांनी काय घालायचे ते सुचले होते. अक्कांनी झाकण उघडले, गंधोदक कपाळी-डोळ्यांना लावले, उरलेले स्वतःच्या लोटीत ओतून घेतले. मग शेजारच्या नळावर गाळणे धरून तांब्या पुन्हा भरला आणि आईच्या हाती देऊ लागल्या. परतीचा प्रवास लांबचा आहे, म्हणाल्या. आई घेईना, त्या सोडीनात. तेवढ्यात यात्रेकरूंची चित्रे काढीत फिरणारा एक फोटोवाला समोर आला.

हे सारे ऐकताना ताई गप्प होत्या. कार्डांवरील पोर म्हणजे त्या. वय पंचाहत्तर; दोन मुले, चार नातवंडे. आयुष्यात त्यांनी आईसोबत पुष्कळ प्रवास केला होता. उखळदहून नवागडला आलेल्या नेमिनाथांच्या दर्शनाला मिरखेल स्टेशनावर उतरून चालत गेल्याचे त्यांना आठवत होते. मूर्तीच्या अंगठ्यातला परीस पूर्णेत पडला आणि तो शोधायला पायांत लोखंडी साखळ्या घातलेले हत्ती नदीत सोडले, साखळीच्या काही कड्या सोन्याच्या झाल्या, ही आख्यायिका आईने त्याच वाटेवर सांगितली होती. पूर्णा नदी म्हटले की ताईंना ते हत्ती आठवत. आपण त्याच नदीतून तापलेल्या अंगाने नेले गेलो होतो, हे मात्र तिने कधी सांगितले नव्हते.

पुढल्या कार्तिकात बहीण-भाऊ गाडी करून रिसोडला निघाले. तांब्या ताईंच्या मांडीवर होता. जिंतूर सोडल्यावर थोड्याच अंतरावर येलदरी लागते. पूर्णेवर तिथे मोठे धरण आहे, खाली वीजनिर्मिती केंद्र आहे. भिंतीपलीकडे पाण्याचा निळा पसारा डोळ्यांत मावत नाही. गाडी थांबवून भाऊंनी जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोयाला विचारले, की जुना बैलगाड्यांचा उतार कुठे होता. त्याने मान वर न करता हाताने पाण्याच्या मध्याकडे दाखविले.

“तिथं. आता वीस-पंचवीस हात पाणी हाय वर.”

ताईंनी काही वेळ तिकडे पाहिले. मग म्हणाल्या, “चल, ऊन चढायच्या आत पोहोचू.”

सेनगावात चहा झाला. पैनगंगेच्या पुलावर गाडीने अर्धे मिनिटही घेतले नाही. पूल कधी आला हे भाऊंच्या ध्यानात आले ते तो मागे पडल्यावर. जी सरहद्द गाठायला तीन रात्री लागल्या होत्या, तिथे आज करोडगिरीचा नाका नाही, पाटी आहे ती फक्त जिल्ह्याची.

रिसोडचे घर मंदिराजवळच होते. ओसरी मात्र नव्हती. जागी लोखंडी शटरचे दुकान आणि वर दोन मजले. अक्का १९९४ साली गेल्या होत्या. त्यांची सून भेटली, ऐंशीच्या घरातील. भाऊंनी “जय जिनेंद्र” म्हणून ओळख द्यायला सुरुवात केली. जिंतूर, स्थलांतर, १९४८. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर ओळख उमटेना. घरात तेव्हा इतकी माणसे येऊन राहिली होती की सासूबाई कुणाकुणाची नावे सांगायच्या, ती म्हणाली. तेव्हा ताईंनी पिशवीतून तांब्या काढून समोर ठेवला. तिने चष्मा चढविला, नावावरून बोट फिरविले.

“हा जिंतूरला होता होय!” ती म्हणाली. “आमच्या सासूबाईंना विचारलं तर म्हणायच्या, तांब्या पोरीबरोबर गेला. मेलेल्या पोरीबरोबर की काय, असं मला आपलं वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही.” मग जरा थांबून, “ती पोर जगली का हो?”

“मीच ती,” ताई म्हणाल्या.

त्या दोघी किती वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या हे भाऊंना सांगता येत नाही. त्यांनी तेवढ्यापुरते खाली दुकानात जाणे पसंत केले.

जेवण दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधी झाले. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, दह्यातली मिरची. तांब्यात ताईंनी नेमगिरीचे गंधोदक आणले होते, ते घरातील सर्वांना दिले. रिकामा झालेला तांब्या सूनबाई धुऊन पुन्हा भरू लागल्या तेव्हा ताईंनी हात धरला. छायाचित्र पुढे केले. मूळ चित्राच्या दोन प्रती, दोघी असलेल्या, त्यांनी करून आणल्या होत्या. एक जिंतूरच्या दिवाणखान्यात आधीच लागली होती. आकाशी रंगवलेले चित्र उतरविले होते. दुसरी त्यांनी या घराला दिली आणि म्हणाल्या की आता ओढाताण पुरे, हा इथेच राहू द्या.

सूनबाईंनी ते मान्य केले, पण एका अटीवर. जिंतूरच्या बाईंचेही नाव त्यावर पाहिजे.

भांड्यांवर नावे घालणारा पेठेत एकच उरला होता, तोही आता यंत्राने घालतो. त्याने तांब्या हातात घेऊन उलटसुलट केला, जुने अक्षर हाताने ठोकलेले आहे म्हणून कौतुक केले आणि त्याच्या खाली बोटभर जागा पुसून घेतली. भाऊंनी आईचे नाव कागदावर लिहून दिले. त्याने ते वाचले, यंत्राची सुई टेकविली आणि मान वर केली.

“गाव कोणतं घालू? रिसोडच?”

“जिंतूर,” ताई म्हणाल्या.